झांकली मूठ आणि राजाश्रयाचे दरोडेखोर

वाशीमच्या इतिहासांत १८०९ सालची एक नोंद आहे. त्या वर्षीं गाझीखान नांवाच्या पेंढारी सरदारानें वाशीम लुटलें. पुढें जनरल डव्हटन यानें जवळच्याच एका खेड्यापाशीं गांठून त्याच्या टोळीची दाणादाण उडविली. धाड वाशीमवरच कां पडावी, याचा उलगडा चाळीस वर्षें मागें गेल्यास होण्यासारखा आहे. १७६९ सालीं थोरले माधवराव पेशवे व नागपूरकर जानोजी भोसले यांच्यामध्यें कनकापूरचा तह झाला, त्यांत वाशीमचें कापड दरसाल पेशव्यांकडे पाठवावें असें एक कलम होतें. ज्या पेठेचा माल तहनाम्यांत कलम होऊन बसतो, ती पेठ लुटारूंच्या नजरेंतून सुटावी कशी?

पेंढारी हा निव्वळ चोर नव्हता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. शिंदेशाही पेंढारी व होळकरशाही पेंढारी असे त्यांचे भेदच पडलेले होते. त्यांना पगार नसे. लूट हाच पगार. आश्रय देणाऱ्यास त्यांचा उपयोग दुहेरी होई. शत्रूच्या मुलखाची राखरांगोळी फुकटांत होई, आणि कोणी जाब विचारलाच तर ‘हे लोक आमच्या हुकमांत नाहींत’ असें म्हणावयास तोंड मोकळें राही.

हें जुनें प्रकरण उकरून काढण्याचें कारण, तसेच आश्रित लुटारू हल्लीं पुन्हां फिरूं लागले आहेत. त्यांना घोडे लागत नाहींत व नद्यांना उतार पडण्याची वाट पाहावी लागत नाहीं. पूर्वीं घरचा पैका माजघरांतल्या फडताळांत नाहीं तर परसांत पुरलेल्या हंड्यांत असे. आज वाशीमच्या बाजार समितींत सोयाबीन विकून आलेली रक्कम, कारंज्याच्या निवृत्त मास्तरांचें पेन्शन, रिसोडच्या एखाद्या घरीं मुलीच्या लग्नासाठीं सांठविलेली ठेव, हें सर्व कोठल्यातरी बँकेच्या संगणकांत आंकड्यांच्या रूपानें असतें. आणि तो संगणक पुष्कळदां त्या बँकेच्या गांवींही नसतो, दूर कोठेंतरी भाड्यानें घेतलेला असतो. २०२४ च्या जुलैअखेर अशाच एका भाड्याच्या व्यवस्थेवर खंडणीखोरांचा घाला पडला, तेव्हां देशांतील सुमारें ३०० लहान बँकांचें इतर बँकांशीं चालणारें देणेंघेणें थांबवून ठेवावें लागलें. ते खंडणीखोर साधे चोर होते. साधा चोर दार मजबूत दिसलें कीं पुढच्या घरीं जातो. ज्याच्या पाठीशीं एखादें राज्य उभें आहे, ज्याला पोलिसांचें भय नाहीं, आणि जो एकाच घराच्या दाराशीं वर्षभर बसूं शकतो, त्याची गोष्ट निराळी. अशा दरोडेखोराची धाड पडली असतां कंपनीनें, बँकेनें, कारखान्यानें वागावें कसें? आमच्या वाचकांच्या घरचे मुलगे व सुना अशाच कंपन्यांतून नोकरीस आहेत आणि ठेवी अशाच बँकांत आहेत. तेव्हां हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा आहे असें म्हणून आम्हांस सोडून देतां येत नाहीं.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचें उदाहरण पुढें ठेवावें लागतें. ही बँक १९०६ सालची. तिचें पासबुक ज्यांच्या घरीं दोन दोन पिढ्या आहे अशीं कुटुंबें पुष्कळ असतील. ११ ऑगस्ट २०१८ हा दिवस महिन्यांतला दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेच्या सुटीचा. त्या दुपारपासून जगांतील २८ देशांत निरनिराळे इसम एटीएम यंत्रांपुढें येऊन उभे राहिले आणि या बँकेच्या खातेदारांच्या कार्डांच्या बनावट प्रती यंत्रांत घालून नोटा काढूं लागले. सुमारें १२,००० वेळां पैसे काढले गेले व ७८ कोटी रुपये परदेशांतून गेले. हिंदुस्थानांतही सुमारें २,८०० वेळां मिळून अडीच कोटी गेले. त्यांत कोल्हापूरचींही यंत्रें होतीं. रविवार मध्यें गेला. सोमवारीं, १३ तारखेस, बँकांबँकांत परदेशीं रकमा पाठविण्याची जी स्विफ्ट नांवाची व्यवस्था आहे तिच्यावाटे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यांत रवाना झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

ही युक्ति साधली कशी, तें घरांतल्या वडील मंडळींना समजेल अशा भाषेंत सांगतों. आपण यंत्रांत कार्ड घातलें कीं यंत्र बँकेला विचारतें, ‘याच्या खात्यावर पैसे आहेत काय?’ बँकेंतली एक यंत्रणा, जिला स्विच म्हणतात, ती खातें पाहून ‘होय’ किंवा ‘नाहीं’ म्हणते. दरोडेखोरांनीं मध्यें एक बनावट स्विच बसविला. तो खातें पाहतच नसे. प्रत्येक प्रश्नास ‘होय’ म्हणे. त्यामुळें कोणाही खातेदाराच्या खात्यांतून दमडी वजा झाली नाहीं. गेला तो पैसा बँकेचा स्वतःचा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीसाठीं काम करणाऱ्या तज्ज्ञमंडळानें २०१९ च्या मार्चांत जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत या दरोड्याचा उल्लेख करून तो उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडला आहे. पुण्याच्या न्यायालयानें २०२३ च्या एप्रिलांत ११ जणांना शिक्षा ठोठावल्या. पण ते लोक यंत्रांतून नोटा काढणारे व त्यांना कार्डें पुरविणारे होते. ‘होय’ म्हणणारा तो बनावट दूत ज्यांनीं बसविला ते पुण्याच्या न्यायालयापुढें कधीं आलेच नाहींत. पेंढारी सांपडले नाहींत. त्यांच्या तट्टांना चारा घालणारे सांपडले, इतकेंच.

दुसऱ्या शनिवारची निवड योगायोगानें झाली असें आम्हांस वाटत नाहीं. २०१६ च्या फेब्रुवारींत बांगला देशच्या मध्यवर्ती बँकेवर धाड पडली, तिच्यासाठींही गुरुवारची रात्र निवडली होती, कारण त्या देशांत शुक्रवारीं सुटी असते. आणि पैसा ज्या फिलिपाइन्स देशांत उतरवावयाचा होता, तेथें पुढचा सोमवार चिनी नववर्षाच्या सुटीचा होता. त्या वेळीं ८ कोटी १० लाख डॉलर गेले. ती धाडही उत्तर कोरियाचीच असल्याचें अमेरिकन सरकारनें आरोपपत्रांत म्हटलें आहे. आमच्याकडे मुहूर्त पाहण्याची चाल जुनी आहे, पण इतक्या देशांचीं पंचांगें एकदम पाहणारा जोशी विरळाच म्हणावयाचा.

अशी धाड पडली म्हणजे संचालकांच्या मनांत पहिला विचार कोणता येतो? जो आपल्या घरांत येतो तोच. एकत्र कुटुंबांत चोरी झाली, किंवा धाकट्याला व्यापारांत खोट आली, कीं वडील माणसें प्रथम काय म्हणतात? ‘वाच्यता होऊं देऊं नका. झांकली मूठ सव्वा लाखाची.’ या म्हणीवर आमचीं कित्येक घरें तरलीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ही म्हण ज्या मुठींत स्वतःचा पैसा आहे तिच्यापुरती खरी आहे. बँकेच्या मुठींत दुसऱ्यांचा पैसा असतो, कंपनीच्या मुठींत ग्राहकांचीं नांवेंगांवें व खाजगी पत्रव्यवहार असतो. ती मूठ झांकून ठेवण्याचा हक्क मूठ वळणाऱ्यास कितपत आहे, हाच तर प्रश्न आहे.

दुसरें असें कीं, या प्रकारच्या दरोड्यांत मौनाचा लाभ सर्वांत अधिक दरोडेखोरालाच होतो. त्याचें हत्यार एकच असतें व तें तो घरोघर वापरीत जातो. पहिल्या घरानें ओरड केली तर दुसरें घर कडी लावील. १० ऑगस्ट २०१८ रोजीं, म्हणजे कॉसमॉसवरील धाडीच्या आदल्याच दिवशीं, अमेरिकेच्या एफबीआयनें बँकांना एक गुप्त सूचना धाडली होती कीं, एटीएम यंत्रांतून एकाच वेळीं जगभर पैसे काढण्याचा बेत शिजत आहे. ती सूचना एका पत्रकाराच्या लेखामुळें लोकांस कळली ती १२ तारखेस. गुप्त सूचनेनें ज्याच्या हातीं ती पडते त्याचेंच दार लागतें.

कॉसमॉस बँकेनें मौन धरलें नाहीं, ही गोष्ट तिच्या पदरीं घातली पाहिजे. १४ ऑगस्टला पोलिसांत फिर्याद झाली, आंकडे प्रसिद्ध झाले, आणि ठेवीदारांच्या खात्यांना धक्का नाहीं, हानि बँकेची आहे, असें अध्यक्षांनीं पत्रकारांना उघडपणें सांगितलें. एटीएम व इंटरनेटवरील व्यवहार बँकेनें स्वतः बंद ठेवले, त्याचा लोकांस त्रास झाला. पण बँकेच्या दारांत रांगा लागून ठेवी काढून घेण्याची झुंबड उडाली नाहीं. त्या काळीं ठेवीवरील विमा अवघा १ लाखाचा होता (तो ५ लाखांचा झाला २०२० सालीं), हें लक्षांत घेतलें म्हणजे ठेवीदारांच्या या धीराचें मोल कळतें. ‘खरें सांगितलें तर लोक घाबरतील’ असें म्हणणाऱ्या संचालकांनीं हें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. लोक घाबरतात तें अर्धवट कळल्यामुळें.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्राशीं संबंध असलेलेंच आहे. अणुशक्तीवर वीज काढणाऱ्या सरकारी महामंडळाची मुख्य कचेरी मुंबईस आहे. या महामंडळाच्या तमिळनाडूंतील कुडनकुळम केंद्रांत परक्यांचा शिरकाव झाल्याची बातमी २०१९ च्या ऑक्टोबरअखेर फुटली. २९ तारखेस केंद्राच्या अधिकाऱ्यानें पत्रक काढलें कीं असा हल्ला होणें शक्यच नाहीं. ३० तारखेस महामंडळानें दुसरें पत्रक काढून सांगितलें कीं, एका संगणकांत शिरकाव झाला होता खरा, त्याची सूचना ४ सप्टेंबरलाच आली होती, मात्र तो संगणक कचेरीच्या कामाचा होता, अणुभट्टीच्या यंत्रणेशीं त्याचा संबंध नव्हता. हें दुसरें पत्रक खरें होतें असें आम्ही धरून चालतों. पण आदल्या दिवशीं ‘शक्यच नाहीं’ म्हणणाऱ्यानें दुसऱ्या दिवशीं ‘भट्टीला धक्का नाहीं’ म्हटलें, तर ऐकणाराच्या मनांत किंतु राहणारच. पहिल्याच दिवशीं सर्व सांगितलें असतें तर तेंच वाक्य दिलासा देणारें झालें असतें.

येथें आम्ही या विषयाच्या गाभ्याशीं आलों. आश्रित दरोडेखोराला नेहमीं लूटच हवी असते असें नाहीं. पुष्कळदां त्याला भय हवें असतें. २०२५ च्या मे महिन्यांत, पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानाशीं संघर्ष चालू असतांना, महाराष्ट्राच्या सायबर विभागानें एक अहवाल काढला. देशावर १५ लाखांहून अधिक हल्ले झाले, त्यांपैकीं यशस्वी झाले ते अवघे दीडशें, असें त्यांत होतें. कुळगांव-बदलापूर नगरपरिषदेचें संकेतस्थळ विद्रूप केलें गेलें, ही गोष्ट खरी निघाली. पण मुंबईच्या विमानतळाची माहिती चोरल्याची जी बढाई हल्लेखोरांनीं मारली होती, ती खोटी ठरली. पाहा, नगरपरिषदेचें एक पान खरोखर खरडणें आणि विमानतळ लुटल्याची खोटी दवंडी पिटणें, यांत दुसऱ्याचा परिणाम कितीतरी मोठा. आणि त्याला खर्च कांहींच नाहीं. अशा वेळीं कंपनीजवळ एकच ढाल असते, ती म्हणजे तिच्या शब्दाची पत. जी कंपनी मार बसला तेव्हां ‘बसला’ म्हणाली होती, तिनें ‘या खेपेस बसला नाहीं’ म्हटलें तर लोक मानतात. जिनें एकदां लपविलें, तिच्या खऱ्या नकारालाही मोल राहत नाहीं, आणि मग शत्रूची प्रत्येक बढाई खरी ठरूं लागते. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या. पुढें २०२१ च्या मार्चांत राज्याचे गृहमंत्री म्हणाले कीं सायबर घातपाताचीं चिन्हें आहेत; केंद्राचे ऊर्जामंत्री म्हणाले कीं ती माणसाची चूक होती. दोघांपैकीं बरोबर कोण, याचा निवाडा करण्याचें साधन आमच्यापाशीं नाहीं, तसें तें मुंबईकरांपाशींही नाहीं.

धाकदपटशापुढें नमण्याचें उदाहरण सोनी पिक्चर्स या चित्रपटकंपनीचें. उत्तर कोरियाच्या राज्यकर्त्याची टर उडविणारा एक चित्रपट तिनें काढला. २०१४ च्या नोव्हेंबरांत तिचे संगणक धुऊन नेले गेले, नोकरांचीं खाजगी पत्रें चव्हाट्यावर मांडलीं गेलीं, आणि जीं चित्रपटगृहें तो चित्रपट लावतील त्यांना घातपाताची धमकी आली. मोठीं चित्रपटगृहें मागें सरलीं. १७ डिसेंबरला कंपनीनें प्रदर्शन रद्द केलें. खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षांनीं ती चूक झाली असें जाहीरपणें म्हटल्यावर नाताळच्या दिवशीं तो कांहीं स्वतंत्र चित्रपटगृहांत व इंटरनेटवर दाखविला गेला. चित्रपट उत्तम होता असें कोणी म्हणत नाहीं. परंतु त्या आठ दिवसांत जगांतील प्रत्येक दांडग्या राज्याला कळून चुकलें कीं, दुसऱ्या देशांतल्या कंपनीनें काय दाखवावें हें आपल्याला घरबसल्या ठरवितां येतें. पुढच्या धाडींना यामुळें उत्तेजन आलें नसेल काय?

मग कंपनीनें उलट हल्ला करावा काय? तरुण मंडळींना हा विचार मोहक वाटतो. आम्हांस तो मुळींच पसंत नाहीं. दुसऱ्याच्या संगणकांत परवानगीवांचून शिरणें हा आमच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें गुन्हा आहे, आणि ‘त्यानें आधीं मारलें’ ही सबब त्यांत चालत नाहीं. शिवाय हे लोक स्वतःच्या दारांतून कधीं येत नाहींत. एखाद्या शाळेचा, एखाद्या दवाखान्याचा संगणक बळकावून त्याच्या आडून येतात. उलट तडाखा बसेल तो त्या दवाखान्याला. सावकारानें वाड्यावर पहारा बसवावा, दिंडीला अडसर घालावा. पण पेंढाऱ्यांच्या मागें स्वतःची फौज घेऊन धांवूं नये. आणि स्वतःची फौज बाळगणारी, स्वतःच्या हिमतीवर युद्ध करणारी कंपनी या देशानें एकदां पाहिलेली आहे. तेवढी पुरे.

उलट हल्ल्यापेक्षां न्यायालयाचा मार्ग लांबचा, पण सरळ. २०१९ सालीं व्हॉट्सॲपला आढळून आलें कीं एनएसओ या इस्रायली कंपनीच्या साधनानें तिच्या सुमारें १,४०० ग्राहकांच्या फोनांत पाळत बसविली गेली आहे. हें साधन आपण फक्त सरकारांनाच विकतों असें एनएसओ म्हणते. त्या १,४०० जणांत हिंदुस्थानांतले पत्रकार होते, वकील होते. आमच्या विदर्भांतल्या नागपूरचेही होते. कोणत्या सरकारचा हात होता, या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. व्हॉट्सॲपनें दोन गोष्टी केल्या: ज्यांच्या फोनांत शिरकाव झाला त्यांना स्वतः कळविलें, आणि अमेरिकेच्या न्यायालयांत एनएसओवर दावा लावला. सहा वर्षें गेलीं. २०२५ च्या मे महिन्यांत ज्यूरीनें १६ कोटींहून अधिक डॉलरांचा दंड सांगितला. ऑक्टोबरांत न्यायाधीशांनीं तो सुमारें ४० लाखांवर आणला, पण पुन्हां व्हॉट्सॲपच्या वाटेस जाण्याची कायमची बंदी एनएसओला घातली. रक्कम उतरली याचें आम्हांस फारसें वाटत नाहीं. ज्या पाळतीचें नांवही उच्चारलें जात नसे, तिचे कागद उघड्या न्यायालयांत वाचले गेले.

आतां विम्याविषयीं थोडें, कारण पुष्कळ व्यापारी ‘आमचा विमा आहे’ म्हणून स्वस्थ असतात. २०१७ च्या जूनमध्यें युक्रेन देशांतील एका हिशेबाच्या प्रणालींत रशियाच्या लष्करी हेरखात्यानें विष घातलें. तें तेथेंच राहिलें नाहीं. मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीवाटे आमच्या न्हावाशेवा बंदरापर्यंत आलें, आणि तिच्याकडे असलेल्या धक्क्याचें काम अडून बसलें. भांडण रशिया-युक्रेनचें, आणि खोळंबा उरणच्या खाडीवर! याच विषानें मर्क या औषधकंपनीची १४० कोटी डॉलरांची हानि झाली. विमेदार म्हणाले, हें युद्धकृत्य आहे, युद्धाची भरपाई विम्यांत नाहीं. न्यू जर्सीच्या न्यायालयांनीं कौल मर्कच्या बाजूनें दिला व २०२४ च्या आरंभीं तडजोड झाली; पण तोंवर लंडनच्या लॉइड्सनें २०२३ पासून सायबर विम्यांतून राज्यांनीं चालविलेले मोठे हल्ले वगळण्याचा दंडक घालून दिला होता. यांतली मेख लक्षांत घ्यावी. ‘हा हल्ला अमुक राज्याचा’ असें मोठ्यानें म्हणणाऱ्या कंपनीचा विमाच धोक्यांत येऊं शकतो. म्हणून आमचें मत असें कीं, काय झालें, कोणाचें झालें, हानि कोण सोसणार, हें कंपनीनें ताबडतोब सांगावें. कोणी केलें याचा उच्चार पुराव्यानिशीं सरकारनें करावा. संचालकांनीं वर्तमानपत्रांत शत्रूराष्ट्राचें नांव घेऊन शौर्य गाजविण्याचें कारण नाहीं. तें कित्येकदां स्वतःच्या ढिलाईवर पांघरूण घालण्यासाठींही असतें.

मर्स्कचें पुढें काय झालें तें सांगण्यासारखें आहे. तिनें त्याच दिवशीं हल्ला झाल्याचें जाहीर केलें, आणि दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें उभे केले. तिच्या साऱ्या जाळ्याची जी मूळ किल्ली होती, तिच्या सर्व प्रती विषानें खाल्ल्या. एक तेवढी वांचली. ती आफ्रिकेंतील घाना देशांत होती, आणि वांचण्याचें कारण असें कीं हल्ल्याच्या वेळीं तेथली वीज गेलेली होती! भारनियमनाचे असे उपकार वाशीमकरांच्या वांट्याला कधीं आले नसतील. परंतु जें घानाला योगायोगानें घडलें तें हेतुपूर्वक घडवून आणतां येतें. दिवसाच्या हिशेबाची एक प्रत तारेपासून अलग काढून वेगळ्या जागीं ठेवणें, हें लहानांतल्या लहान पतसंस्थेलाही परवडतें.

आणखी एक गोष्ट, कीं जी आमच्या तरुण वाचकांच्या जिव्हाळ्याची आहे. हे दरोडेखोर बहुधा एखाद्या कारकुनाच्या टेबलावरून आंत येतात. बांगला देशच्या बँकेंत ते नोकरीसाठीं अर्ज करणाऱ्या एका गरजू उमेदवाराच्या नांवानें आले होते. कोणीतरी तो अर्ज उघडून पाहिला, इतकेंच. ज्या कचेरींत असा अर्ज उघडणाऱ्याची नोकरी जाते, त्या कचेरींत पुढचा कारकून गप्प बसतो, आणि दरोडेखोराला सहा महिने मिळतात. फुटलेल्या बरणीबद्दल मार बसणार हें ठाऊक असलेलें मूल खापऱ्या माळ्यावर लपवितें, हें कोणत्या घरांत घडलेलें नाहीं? ‘माझ्या हातून कांहींतरी भलतें उघडलें गेलें’ असें तासाभरांत सांगणाऱ्या नोकरास अभय दिलें पाहिजे. २०२२ पासून केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेला सहा तासांच्या आंत वर्दी देण्याचें बंधन कंपन्यांवर आहे. ज्यांची माहिती फुटली त्यांनाही कळविलें पाहिजे, असें २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यांत घातलें असून त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत निघाले. परंतु खालचा कारकूनच बोलला नाहीं, तर वरच्यानें सहा तास मोजावयाचे कोठून?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण सहकारी बँकांचे व पतसंस्थांचे सभासद आहेत. त्यांची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरच्या आंत होते, आणि तेथें बहुधा लाभांशाचा टक्का व चहाफराळ यांपलीकडे चर्चा जात नाहीं. या खेपेस घरांतल्या एका तरी जाणत्या माणसानें, मग ती सून कां असेना, उभें राहून अध्यक्षांना विचारावें: अलग ठेवलेल्या प्रतीवरून बँकेचें एक दिवसाचें काम चालवून पाहिल्यास किती महिने झाले? दुसऱ्या शनिवारीं धाड पडली तर पहिला फोन कोणी उचलावयाचा? आणि ठेवीदारांना बातमी कोण देणार, कितव्या तासाला? ‘पाहूं, करतों’ असें उत्तर आल्यास तारीख विचारावी व ती इतिवृत्तांत लिहून घ्यावी.